बोलका चुना

डबा वाजवला तरी पाणी हललं नाही.

थोरलीने पुन्हा वाजवला. रोज सकाळी खाद्याच्या पत्र्याच्या डब्यावर तिने वाटी आपटली की तळ्याच्या पार पलीकडच्या कोपऱ्यातून पाणी तिच्याकडे धावत यायचं. नवऱ्याच्या आत्या म्हणायच्या, "माणसांच्या पोरांना हाका मारून घसा बसतो, आणि हिच्या माशांना नुसती वाटी पुरते." आज वाटीचा आवाज विझलेल्या भट्टीच्या भिंतीवर जाऊन आपटला आणि तसाच परत आला. मग आणखी थोडं उजाडलं, आणि कडेकडेने जे पांढरं तरंगत होतं ते आभाळ नव्हे हे तिच्या ध्यानात आलं. मासे होते. पोटं वर, तोंडं उघडी. काही अजून जिवंत होते. ते काठाशी येऊन आडवे पडत, सरळ व्हायला बघत, आणि पुन्हा आडवे पडत.

तिने एक उचलला. कल्ल्यांवर चिकट थर आला होता आणि डोळे दुधाळले होते. बोटुकली म्हणून पिशवीतून आणून तिनेच ह्याला पाण्यात सोडलं होतं, आणि आता तो दोन्ही तळव्यांत मावत नव्हता. उद्या पहिलं जाळं पडायचं होतं. खानावळवाल्याकडे जाऊन कालच सगळं ठरवून अंधार पडल्यावर परतलो, बर्फसुद्धा सांगून ठेवला, आणि हे असं. थोरली बांधावर मटकन खाली बसली.

खाली बसली म्हणूनच तिला ती रेघ दिसली. पाण्याच्या कडेने, गवताच्या मुळांशी, पार तळ्याला वेढा घालून गेलेली पांढरी रेघ. मध्येच एखादा खडा, फुटून पसरलेला. चुन्याच्या भट्टीवाल्यांच्या घरात नांदलेल्या बाईला तो कसला खडा हे कुणी सांगायला नको होतं.

"आबा," ती पुटपुटली, "काय करून बसलात हे."

ह्या घरात चुना म्हणजे एकच. भट्टीत भाजून निघालेला, पाणी लागताच सुरसुरून फुटणारा. आबा, म्हणजे तिचे सासरे, बादलीत खडा टाकायचे, कानामागे हात धरून वाकायचे, आणि पाणी उकळायला लागलं की म्हणायचे, "बोलला." त्यांनी बोलला म्हटल्याशिवाय कामगारांनी फावड्याला हात लावायचा नाही. न बोलणारा तो मुका चुना. आणि भट्टी न दाखवता नुसता दगड दळून केलेली भुकटी असेल, तर तिला आबांच्या लेखी नावच नव्हतं. एकदा एक व्यापारी तसलं पोतं घेऊन आला होता. आबा त्याला म्हणाले होते, "हे पीठ घरी ने आणि बायकोला मळायला दे."

तळ्याला नेमकं तेच पीठ हवं होतं. माशांचं बीज विकणारा माणूस पाणी तपासून म्हणाला होता, "आंबट झालंय थोडं. चुना मारा, फार नको." मासेवाल्यांच्या बोलीत चुना म्हणजे ती दळलेली भुकटी. भाजलेला चुना ते टाकतात तळं कोरडं असताना. आत मासे असले की त्याचं नाव काढत नाहीत. हे थोरलीला ठाऊक होतं, आणि घरात तिला एकटीलाच ठाऊक होतं. जेवताना ती सहज बोलून गेली, "तळ्याला चुना द्यायला हवा म्हणतात," आणि समोर आबांचा घास हातातच थांबला.

"आपला चुना?" त्यांनी विचारलं.

भट्टी विझल्यापासून त्या चेहऱ्यावर तिने असा उजेड पाहिला नव्हता. तेव्हाच म्हणायला हवं होतं, की नाही आबा, तुमचा नाही चालायचा, दुकानातून पीठ आणावं लागेल. तिची जीभच उचलली नाही. ती म्हणाली, "बघू." गुपचूप दोन पोती आणून टाकू, ह्यांना कळणारसुद्धा नाही, असा तिचा हिशेब. पुढे आबांनी मागची छोटी भट्टी पेटवली, धूर दिसत राहिला, आणि म्हातारा जीव पुन्हा हातपाय हलवतोय म्हणून तिला उलट बरंच वाटलं. भीड भिकेची बहीण, असं तिची आई म्हणायची. आई कधी कधी फार खरं बोलायची.

मागे पावलं वाजली. नवरा बसच्या पाळीवर निघाला होता. गणवेशाची बटणं लावत तो बांधावर आला आणि त्याचे हात तिसऱ्या बटणावर थांबले. थोरलीने पाय लांब केला आणि टाचेने जवळची रेघ मातीत मिसळून टाकली. विचार करून केलं नाही, होऊन गेलं.

"कोणी केलं हे?" नवऱ्याने विचारलं. काय झालं असं त्याने विचारलंच नाही.

"हवेचं असेल. ढगाळ होतं ना. पाण्यातली हवा कमी पडली की मरतात."

"सगळे? एका झटक्यात?"

"मरतात सगळेसुद्धा."

"मरतात कसले, मारलेत." हे आत्यांनी म्हटलं. आबांची ही धाकटी बहीण नवरा गेल्यावर माहेरी परत आली होती, आणि त्या दिवसापासून घराची खिडकी तिच्याकडे होती. "मी काल दुपारी डोळ्यांनी पाहिलंय. तुम्ही दोघं बाहेर गेलेले. मी झोपून उठते तर सिमेंटवाला इथे उभा. हातात पिशवी. इकडेतिकडे बघत पाण्यात काहीतरी टाकत होता."

सिमेंटवाला म्हणजे थोरलीचा धाकटा दीर. नाव आबांनीच पाडलेलं. ज्या सिमेंटने बापाची भट्टी विझवली त्याचंच दुकान पोराने समोरच्या रस्त्यावर टाकलं, तेव्हापासून आबांनी त्याला दुसऱ्या नावाने हाक मारली नव्हती. तोही काही कमी नव्हता. "आपलं घराणं पिढ्यान् पिढ्या लोकांना चुना लावत आलंय, मी निदान सिमेंट लावतो," असं भर पाहुण्यांत म्हणायचा आणि वर हसायचा. भट्टीचं आवार त्याला गोदामासाठी हवं होतं, थोरलीला तळ्यासाठी. बरीच भांडणं होऊन शेवटी ठरलं, की तळ्यातून पहिलं जाळं भरून निघालं तर आवार थोरलीकडे राहील आणि घर एकत्र. रिकामं निघालं तर आवार गोदामाला, आणि ज्याने त्याने आपापली चूल बघावी.

"म्हणजे जाळं पडूच द्यायचं नव्हतं त्याला," नवरा म्हणाला आणि खिशातून फोन काढला.

"अहो, आधी जरा नीट बघू तरी."

"अजून काय बघायचं राहिलंय?"

धाकटा रस्ता ओलांडून आला तेव्हा त्याचे हात कोपरापर्यंत राखाडी होते. दुकानाचं शटर अर्धं उघडं टाकून तो निघाला असावा. तळं पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. थोरली त्याच्याकडेच बघत होती. नाटक करणाऱ्याचा चेहरा असा उतरत नाही.

"वहिनी, हे काय झालं?"

"ते तू सांग," नवरा म्हणाला. "काल पिशवीत काय होतं?"

"कसल्या पिशवीत?"

"काल दुपारी. आत्यांनी पाहिलंय."

धाकट्याचे कान लाल झाले. लहानपणी चोरून गूळ खाताना सापडला तेव्हाही असेच झाले होते म्हणे. "पाव होते," तो म्हणाला.

"काय?"

"शिळे पाव. बेकरीवाला टाकून देतो ते. मी घालतो कधी कधी ह्यांना. असे तोंडं वर करून येतात ना कडेला. बरं वाटतं जरा."

"घ्या," आत्या म्हणाल्या. "सिमेंटवाल्याला माशांचा पुळका आला. ऐकावं ते नवलच."

थोरलीला मात्र ते तिथल्या तिथे पटलं. गेले कित्येक दिवस मासे दुपारचं खाद्य अर्धं सोडून जात होते, आणि तिला काही केल्या कारण सापडत नव्हतं. हा भरवत होता त्यांना. ज्या तळ्यावरून तिने ह्याच्याशी धड बोलणं टाकलं होतं, त्या तळ्यावर हा चोरासारखा येऊन मासे बघत बसत होता.

"काल पावाला आलेच नाहीत पण," धाकटा सांगू लागला. "पाणी जरा पांढुरकं दिसत होतं. मला वाटलं वहिनींनीच काही औषध..." त्याची नजर पाण्यावरून कडेला आली आणि रेघेवर थांबली. तिथून ती रेघेबरोबर सरकत सरकत, जिथे रेघ तुटली होती तिथे, थोरलीच्या टाचेशी आली. शेवटी तो चुनेवाल्याचाच मुलगा. ह्याच आवारात रांगताना त्याचे गुडघे भाजले होते, त्याचे डाग अजून होते. त्याने मागच्या छोट्या भट्टीकडे पाहिलं, आबांच्या खोलीच्या बंद दाराकडे पाहिलं, आणि मग वहिनीकडे.

थोरलीने मान हलवली. नको म्हणून.

"बोल की. आता का दातखीळ बसली?" नवरा म्हणाला.

धाकटा रेघेवरून नजर काढून रस्त्याकडे बघू लागला.

"काय मिसळलं होतंस पावात?"

"दादा, जाऊ दे."

"जाऊ दे? हिने वर्षभर स्वतःच्या पोटच्या पोरासारखं जपलंय हे तळं, आणि जाऊ दे? टाकलंस की नाही, एवढंच सांग."

धाकट्याने राखाडी हात विजारीला पुसले. "तुला वाटतंय ना? मग टाकलं असेन."

"ऐकलंत?" आत्या म्हणाल्या, पण त्यांचा आवाज बसला होता. खिडकीतून पाहिलेलं कुणी इतक्या सहज कबूल करेल अशी त्यांचीही अपेक्षा नसावी.

"झालं तर मग," नवरा म्हणाला. आवाज त्याने चढवला नाही, त्यामुळे ते अधिकच वाईट वाटलं. "आवार तुझं. बांध गोदाम. पण आजपासून तू आम्हाला मेलास. मी मेलो तरी तोंड दाखवायला येऊ नकोस."

थोरलीच्या तोंडाशी सगळं आलं होतं. एक शब्द बोलायचा होता, आणि तोही ह्या घरातला सगळ्यात जुना शब्द. पण तिने दोघांना मनात शेजारी शेजारी उभं केलं, ह्याला आणि त्या बंद दाराआडच्याला, आणि ठरवून टाकलं की हा सोसेल, ते सोसायचे नाहीत. असं परस्पर ठरवायचा तिला कुणी अधिकार दिला नव्हता. धाकटा जाताना तिच्या जवळून गेला. ती गप्प राहिली, आणि आपण गप्प राहिलो ह्याची तिला त्याच क्षणी लाज वाटली. रस्त्यापलीकडे शटर खाली ओढल्याचा आवाज आला आणि मोटरसायकल सुरू होऊन लांब गेली.

आबा उठले तेव्हा ऊन तळ्यावर आलं होतं. एरवी पहाटेच खोकत फिरणारा माणूस, पण कालच्या कामाने अंग आंबलं होतं आणि झोपही मनासारखी लागली होती. नखांत पांढरं तसंच होतं.

"आज वाटी नाही वाजली ती?" येता येता त्यांनी विचारलं. "आणि सगळे इथे कसे? जाळं आजच टाकताय की काय?"

आबा बांधावर चढले आणि उभे राहिले.

"दादा, तुझ्या सिमेंटवाल्याने विष घातलं," आत्या म्हणाल्या. "त्याने कबूल केलं."

"माझ्या पोराने?" आबा म्हणाले. हा शब्द त्या आवारात फार दिवसांनी ऐकू आला. "तो कशाला घालेल? काल दुपारी तर चांगले होते सगळे. मी चुना घातला तेव्हा बघायला आले होते ना. घमेलं वाजलं, त्यांना वाटलं खाणं आलं. ही गर्दी. म्हटलं थांबा रे, तुमच्याचसाठी आहे." ते थोरलीकडे वळले. "तू यायच्या आत करून ठेवलं. बांधाने फिरून, चारी अंगांनी. एक खडा मुका निघाला नाही, बघ."

नवऱ्याने मान वळवून बायकोकडे पाहिलं. माशांतलं त्याला फारसं कळत नव्हतं, पण बायकोचा चेहरा कळत होता.

"हवेने झालं, आबा," थोरली घाईने म्हणाली. "ढगाळ होतं. हवा कमी पडली पाण्यातली."

"मग तो कबूल का झाला?"

आबा गुडघ्यांवर हात टेकत खाली बसले आणि त्यांनी पाण्यात बोटं बुडवली. अंगठा आणि दोन बोटं ते एकमेकांवर घासत राहिले. जन्मभर हेच केलेलं. थोरलीला वाटलं, त्यांचा हात धरावा. धरून काय करणार होती?

"बुळबुळीत लागतंय," ते म्हणाले.

त्यांनी जवळ तरंगणारा एक मासा ओढून घेतला आणि त्याच्या डोळ्यावरून अंगठा फिरवला, पुसून स्वच्छ होतो का बघितल्यासारखा. "डोळ्यांत चुना उडाला की कामगारांचे डोळे असे व्हायचे," ते म्हणाले. मग त्यांनी थोरलीकडे पाहिलं.

"तू चुनाच म्हणाली होतीस ना, पोरी?"

"हो, आबा."

"मग कुठला?"

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. "दळलेला," ती म्हणाली. "न भाजता."

"म्हणजे पीठ."

"हो."

"आणि मला बोलली नाहीस."

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

आबांनी मान डोलवली. "मग आता नाही वाटत," ते म्हणाले आणि मासा हलक्या हाताने पाण्यात परत ठेवला.

नवरा एवढा वेळ उभा होता तो खाली बसला. "तुला माहीत होतं?" त्याने थोरलीला विचारलं. "त्याला बोलत होतो तेव्हा माहीत होतं तुला?"

"होतं."

"आणि मला बोलू दिलंस."

आत्यांनी पदराने तोंड झाकलं. खिडकीतून पाहिलेल्या पिशवीत पावच होते, हे त्यांना आता कळलं होतं.

"धाकट्याला बोलवा," आबा म्हणाले. सिमेंटवाल्याला नव्हे, धाकट्याला.

नवऱ्याने फोन लावला. रस्त्यापलीकडे, ओढलेल्या शटरच्या आत, घंटी वाजायला लागली. ती वाजून थांबली. त्याने पुन्हा लावला, पुन्हा तिथेच वाजली. तो रस्त्यापर्यंत जाऊन दोन्हीकडे बघून आला. कुठे गेला असेल हे घरात कुणालाच सुचेना. त्याचे मित्र कोण, तो मोकळ्या वेळी बसतो कुठे, ह्यातलं त्यांना काही माहीत नव्हतं. तो माशांना पाव घालतो हेसुद्धा आजच कळलेलं.

"येईल," नवरा म्हणाला. आपण काय बोललो ते त्याला शब्दन् शब्द आठवत होतं, आणि ऐकणाऱ्यालाही आठवत असणारच.

ऊन चढलं तसा वास सुटायला लागला. मासे तर काढायलाच हवे होते. छोट्या भट्टीच्या मागे नवऱ्याने गणवेशातच खड्डा खणायला घेतला. बसची पाळी चुकली होती, तिचं कुणी नावही काढलं नाही. थोरली पाण्यात उतरून मासे घमेल्यात भरत होती आणि आत्या, ज्यांनी आजवर माशाला बोट लावलं नव्हतं, ती घमेली खड्ड्यापर्यंत ओढत नेत होत्या. पाण्याने थोरलीच्या पिंढऱ्या चरचरत होत्या. चरचरू देत, तिला वाटलं. खानावळवाल्याला उद्या नको म्हणून कळवायचं, बर्फवाल्याला कळवायचं. मग तळं उपसायचं. उपसून पुन्हा भरायला मात्र कुणी सांगणार नव्हतं. गोदाम होईल नाहीतर नुसता खड्डा राहील. घर एकत्र ठेवायला म्हणून हे तळं खणलं होतं.

शेवटचं घमेलं रिकामं झालं तेव्हा खड्डा चंदेरी दिसत होता.

"नुसती माती लोटू नका," आत्या म्हणाल्या. "कुत्री उकरतील. वर चुना..." आणि त्या मध्येच थांबल्या.

"आहे," आबा म्हणाले. "उरलाय."

ते छोट्या भट्टीकडे गेले. त्यांना मदत करायला कुणी उठलं नाही, कारण त्यांनी मागितली नसती. पाठीतून वाकत त्यांनी एकेक घमेलं आणलं आणि माशांवर ओतलं. टपोरे, पांढरेशुभ्र, मन लावून भाजलेले खडे. असा चुना त्यांनी भर धंद्याच्या दिवसांतही क्वचितच काढला असेल. मग त्यांनी तळ्यातून बादली भरून आणली आणि सावकाश, कडेने फिरत, वरून पाणी सोडलं.

आधी काहीच झालं नाही. मग खड्ड्याच्या तळातून सुर्र असा आवाज उठला, खडे तडकायला लागले, वाफ वर आली. आबा कानामागे हात धरून वाकले.

नवऱ्याने फावडं उचललं आणि तो थांबला. लहानपणापासून अंगवळणी पडलेलं ते. बोलला म्हटल्याशिवाय माती हलवायची नाही. थोरलीही ओल्या पायांनी तशीच उभी राहिली. रस्त्यापलीकडच्या शटरकडे तिने एकदा बघून घेतलं. ते बंदच होतं.

आबा वाकलेलेच होते.

"आबा," शेवटी नवरा हळूच म्हणाला, "लोटू का?"

म्हाताऱ्याने वर न बघता हात आडवा केला.

"थांब," ते म्हणाले. "अजून बोलतोय तो."